माव्याचा पांजरपोळ

सायरबाईंची गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल, याची गणती नाही. पण सांगितली ती अर्धीच. उरलेली अर्धी कुणालाही नाही — ह्यांना नाही, मुलींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच आज धीर होतो आहे. बघू, कुठवर पुरतो ते.

आधी चांगलं सांगते. ती माझी जुनी सवय आहे — आधी बाईंचं कौतुक सांगायचं, ऐकणारा खूश झाला की उठून चहा टाकायला जायचं. आज मात्र उठणार नाही.

रेशनवर लाल मिलो, म्हणजे ती अमेरिकेची ज्वारी, मिळायची, ते दिवस. आम्ही धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात भाड्याच्या घरात राहत होतो. हे कचेरीत होते आणि मी मुलींच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई तेव्हा धुळ्यात वळून बघण्यासारखी गोष्ट होती. लोक बघायचे. आणि ते बघतात हे मला चांगलं ठाऊक होतं, एवढं सांगितलं म्हणजे माझा स्वभाव तुमच्या लक्षात येईल.

आमच्या परसाला लागून तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे सायरबाईंचं परस. त्या मारवाडी जैन. आजेसासरे राजस्थानातून आले, तेव्हापासून घर धुळ्यातच. मुलांची भुईमुगाच्या शेंगांची आडत होती. बाई पन्नाशी उलटलेल्या, काटकुळ्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. लिहायला-वाचायला त्या मोठेपणी शिकल्या होत्या, महासतीजींकडून — म्हणजे त्यांच्या साध्वींकडून — तेही धर्माची पुस्तकं वाचता यावीत एवढ्यापुरतं. मी त्यांना बाईजी म्हणायची. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या आणि त्यात थट्टा अजिबात नसायची.

आणि त्यांची बाग! गावठी गुलाब, मोगरा, तगर, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, तेलाच्या फुटक्या डब्यांत लावलेली शेवंती. धुळ्याच्या त्या पाण्यात आणि त्या उन्हात असं हिरवं मी दुसरीकडे पाहिलं नाही. पण मला जळायला लावायची ती गोष्ट वेगळीच होती. त्यांच्या झाडांवर मावा टिकत नसे.

मावा तुम्ही पाहिला असेल. ढगाळ हवा पडली की कोवळ्या कोंबावर एका रात्रीत दाटी करणारे ते हिरवे-काळे बारीक किडे. तोंडातली सुई देठात खुपसायची आणि रस ओढत बसायचं. पानं आकसतात, वर चिकटा येतो, कळी उमलायच्या आधीच मान टाकते. माझ्या शेवंतीवर दर थंडीत मावा. मी साबणाचं पाणी मारायची, तंबाखू उकळून मारायची, चिमटीत धरून चिरडायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पलीकडे बाई काहीही मारत नसत — मारणं त्यांच्या धर्मातच नव्हतं — आणि त्यांचे गुलाब ताठ उभे.

काय करायच्या त्या? मी कुंपणाशी उभी राहून पाहायची. सकाळी अनवाणी बागेत यायच्या, पायाखाली काही येऊ नये म्हणून एकेक पाऊल बघून टाकायच्या. हातात पूंजणी — लोकरीची मऊ कुंचली असते ती, जीव न दुखवता बाजूला करायची — आणि दुसऱ्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण. मावा पडलेला कोंब दिसला की आधी देठाला नखानं हलकीशी टिचकी. मग थांबायच्या. शंभर आकडे मोजावे इतक्या थांबायच्या. मग पूंजणीनं सगळा मावा द्रोणात उतरवायच्या. मी एकदा विचारलं, ही मध्येच वाट कसली बघता? तर म्हणाल्या, "त्यांचं तोंड आत रुतलेलं असतं, मास्तरीणबाई. ओढलं तर तुटेल. त्यांना सांगायचं, निघा. मग ते आपणच काढून घेतात."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. बघून बघून कळलेलं. किड्याच्या सोंडेचा तो काटा बाहेर यायला वेळ लागतो, हे मी फार वर्षांनी एका पुस्तकात वाचलं. पदवी माझ्याकडे होती, डोळे त्यांच्याकडे.

तर तो द्रोण घेऊन त्या बागेच्या टोकाला जात. तिथे कुंपणावर वालाचा एक जुनाट वेल सोडलेला होता. त्याच्या शेंगा त्यांनी कधी तोडल्या नाहीत, शेंडा खुडला नाही. साऱ्या बागेतला मावा त्या वेलावर अलगद सोडायचा. त्या वेलाला त्या पांजरपोळ म्हणायच्या. म्हाताऱ्या, लंगड्या गाईंसाठी महाजन जसा पांजरपोळ चालवतात, तसा हा माव्याचा. "इथे पोट भरून खा, माझ्या गुलाबाला येऊ नका," असं त्याला खरोखरच सांगायच्या. येताना कडुलिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर घातलेलं पीठ टाकायच्या, रोज, न चुकता. मग घरात जाऊन सामायिकाला बसायच्या.

मला हे सगळं पाहून हसू यायचं. तो वेल बघून किळसही यायची. देठ दिसू नये इतका मावा, आणि त्यात काळी काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळ्यांसारखी काहीतरी घाण वळवळत असायची. शिवाय लाल रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे गोल भुंगे. बाई त्या भुंग्यांना चुनरीवाली म्हणायच्या. चुनरीवाल्या मावा खातात, हे मी पाहिलं होतं. एकदा मी त्यांना पेचात पकडलं — निदान मला तसं वाटलं. म्हटलं, बाईजी, तुम्ही मावा इथे आणून सोडता आणि चुनरीवाली त्याला खाते, मग ते पाप कुणाचं? त्या चिडल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "तिचं पोट तिच्यापाशी, मास्तरीणबाई. मी तिला बोलावलं नाही, हाकललंही नाही. माझ्या हातानं कुणी मरू नये, एवढंच माझ्याकडे आहे."

माझ्या हातानं कुणी मरू नये. त्या बाईंचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर उभं होतं. पाणी गाळून, दिवे लागायच्या आत जेवून, चुलीत घालायचं लाकूड आधी आपटून. मी ते वाक्य ऐकलं होतं. कानांनी नीट ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगते. आता पुढची.

त्या थंडीत माझी शेवंती चांगली धरली होती. पौषात शाळेचं संमेलन, त्यात फुलांचं प्रदर्शन, आणि मी शास्त्राची बाई म्हणून ते माझ्याकडे. घरून सहा कुंड्या न्यायचं मी सर्वांना सांगून ठेवलं होतं. संमेलनाच्या पंधरा दिवस आधी हवा ढगाळली. तीन दिवस ऊन नाही. चौथ्या दिवशी कळ्यांखाली मावा. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाई आमच्या घरी आल्या, त्यांनी माझ्या कुंड्या पाहिल्या आणि मग कुंपणापलीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, हसत हसतच — "आपण फुलं त्या मारवाडणीकडूनच मागवू या का? आमच्या बी.एस्सी. बाईंच्या झाडांना उवा झाल्यात." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? होय. एवढ्याशाच. यापेक्षा मोठं काही असतं तर सांगायला मलाही बरं वाटलं असतं.

मी मनाशी ठरवून टाकलं की दोष त्या वेलाचा आहे. तिथेच मावा पोसला जातो, तिथूनच पंख फुटून माझ्याकडे येतो. हे मी बाईंना बोलले असते तर? त्यांनी ऐकून घेतलं असतं, कदाचित वेल दुसऱ्या टोकाला नेला असता. पण मला बोलायचं नव्हतं. त्या निरक्षरासारख्या बाईपुढे तक्रार घेऊन जायचं — ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. मला तो वेल तिथे नको होता, आणि तो मी घालवला हेही कुणाला कळायला नको होतं.

माझ्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात कृती होती. रस शोषणाऱ्या किडींसाठी साबण आणि रॉकेल. साबण किसून उकळत्या पाण्यात विरघळवायचा, त्यात रॉकेल ओतायचं, दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळायचं, आणि मग भरपूर पाणी घालून पातळ करून मारायचं. मी रवीनं घुसळलं. छान पांढरं झालं. पाणी मात्र कमी घातलं. पुस्तकात धोका लिहिला होता की दाट राहिलं तर पानं जळतात. मी तो वाचला होता. पाणी मी विसरून कमी घातलं नाही.

सकाळची वेळ निवडली, बाई सामायिकाला बसतात ती. सामायिक म्हणजे दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटं, तोंडाला मुहपत्ती बांधून एका आसनावर बसायचं. मन शांत ठेवायचं आणि कुठल्याही कारणानं उठायचं नाही. त्यांची बसायची खोली रस्त्याच्या बाजूला होती. म्हणजे बाई सगळ्या जिवांबद्दल समभाव धरून बसल्या होत्या, आणि तेवढ्याच वेळात मी होळीची पितळी पिचकारी घेऊन त्यांच्या कुंपणाशी गेले. तारेतून हात आत घातला. मुळापासून शेंड्यापर्यंत वेल भिजवला. मावा पांढऱ्या पाण्याबरोबर घरंगळत होता. त्या काटेरी अळ्या आखडून टपटप पडल्या, आणि खरं सांगते — मला समाधान वाटलं. पाच-सात मिनिटांचं काम. पिचकारी धुऊन माळ्यावर ठेवली, हात धुतले, पोळ्या करायला घेतल्या.

हे जे केलं, ते वाईटच. पण यासाठी मी आज लिहायला बसले नसते. भांडकुदळ शेजारीण यापेक्षा वाईट करते. लिहायचं आहे ते पुढचं आहे.

नऊच्या सुमारास आरडाओरडा ऐकू आला. भिकाबाई तिच्या अहिराणीत ओरडत होती — ती दोन्ही घरची भांडी घासायची. "व माय, बठ्ठा येल सुकी गया! बठ्ठा किडा मरी ग्यात!" मी परसात गेले. वेलाची पानं तेलकट होऊन काळी पडायला लागली होती. खाली मातीवर मेलेल्या माव्याचा थर, त्यात चुनरीवाल्या उताण्या पडलेल्या. एखादीचे पाय अजून हलत होते. आणि वास — रॉकेलचा. तेवढा वास राहील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता पकडले गेले, असं मला वाटलं.

बाई वेलाकडे बघत नव्हत्या. त्या हातातल्या डब्याकडे बघत होत्या.

डब्याचं असं होतं. त्यांचा झाडांना पाणी घालायचा जुना डबा दोन दिवसांपूर्वी फुटला होता. मोठ्या मुलानं, मोतीलालनं, दुकानातला रॉकेलचा रिकामा डबा कापून, बुडाला खिळ्यानं भोकं पाडून दिला होता. बाईंनी तो राखेनं आणि कढत पाण्यानं धुतला होता. त्या सकाळी सामायिकाआधी त्यांनी त्याच डब्यानं पहिल्यांदा झाडांना पाणी घातलं होतं. आणि उरलेलं सगळं या वेलावर शिंपडलं होतं.

त्या डबा घेऊन कुंपणापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. डब्याच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी वास घेतला, आणि मग तो माझ्यापुढे धरला.

"मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या. तीनदा धुतला मी हा. एवढंसं राहून गेलं असेल, तर त्यानं जीव जातात?"

बघा, त्यांनी मला विचारलं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही — मला. कारण मला शास्त्र येत होतं. त्या डब्यात वास राहिला असेलही, पण त्यातल्या पाण्यानं एक मुंगीसुद्धा मेली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. "नाही बाईजी, एवढ्यानं काही होत नाही" — एवढं म्हटलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. मला पकडून द्यायचीसुद्धा गरज नव्हती. कुणी केलं हे कोडं राहिलं असतं, आणि त्या बाईंनी ते कुणावर ढकललंही नसतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, हेही सांगते. विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणायची सोय नाही.

मी म्हणाले, "जातात, बाईजी. रॉकेलचा एक थेंबसुद्धा पुरतो."

हीच ती गोष्ट. एवढं वाक्य. मी मुलींना वर्गात शिकवायची ना, तशाच आवाजात बोलले.

बाई वेलाखाली मातीत बसल्या. रडल्या नाहीत. भिकाबाई म्हणाली, "किडाच तं शेतस ना, बाईजी, कसाले जीव लावतस?" बाई डबा बाजूला ठेवून मेलेल्यांमधून पूंजणीनं जिवंत कुणी सापडतंय का ते शोधू लागल्या. माझी शाळेची वेळ झाली म्हणून मी निघाले, तेव्हा त्या अजून तिथेच होत्या. वाटेत पुलावर मला वाटलं, परत फिरावं. मग वाटलं, संध्याकाळी सांगू. शाळेत पोचेपर्यंत मला दुसरीच काळजी होती, शेवंतीच्या कळ्यांची.

बाईंनी तेला केला, म्हणजे सलग तीन दिवसांचा उपवास, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. चौथ्या दिवशी पारणं केलं आणि पारोळ्याकडून महासतीजी विहार करत आल्या होत्या, त्यांच्यापुढे जाऊन नेम घेतला. जन्मभर झाड लावायचं नाही. बाग करायची नाही. ज्या हाताला नीट धुतलेला डबा ओळखता येत नाही, त्या हातात जीव सोपवू नयेत — असं त्या म्हणाल्याचं मला मोतीलालच्या बायकोनं सांगितलं. सांगताना ती रडत होती. तीस वर्षांची बाग, आणि बाईंना दुसरं काहीच नव्हतं.

आणि मग त्यांनी काय केलं, माहीत आहे? झाडांच्या कुंड्या-डबे कुंपणावरून एकेक करून माझ्याकडे दिले. गुलाब, मोगरा, जास्वंद, सगळं. म्हणाल्या, "तुम्हाला शास्त्र येतं. तुमच्या हातात ही जगतील." मी घेतले. हात पुढे करून घेतले, पाण्याची सोय कशी करायची ते विचारलं, कुठल्या गुलाबाला दुपारचं ऊन चालत नाही तेही विचारून घेतलं. प्रदर्शनात त्यांतले दोन गुलाब ठेवले, आणि सगळ्यांनी वाहवा केली.

नंतरचं तुम्हाला शेतीची थोडी माहिती असेल तर सांगायलाच नको. वेल गेला, चुनरीवाल्या गेल्या. ज्या काटेरी अळ्या आखडून पडताना मला समाधान वाटलं होतं, ती त्यांचीच पिल्लं होती, मावा खाणारी, मोठ्यांपेक्षाही जास्त खाणारी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मावा मात्र कुठून तरी उरतोच. पंधरा दिवसांत तो परत आला आणि या वेळी त्याला खायला कुणीच नव्हतं. माझ्या सहाही कुंड्या गेल्या, बाईंच्या दिलेल्या झाडांतली निम्मी गेली. मी रॉकेल मारत राहिले आणि पानं जाळत राहिले. बाई ते कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांनी एकदाही बोट दाखवलं नाही. मुंग्यांना पीठ घालणं तेवढं त्यांचं चालू होतं.

त्या पिठाचाही अर्थ मला पुढे कळला. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात म्हणून त्याची राखण करतात, चुनरीवालीला जवळ येऊ देत नाहीत. बाई मुंग्यांना कडुलिंबाखालीच जेवू घालत, मग त्यांना गुलाबावर चढायची गरज राहत नसे. दयेपोटी केलेलं एकेक काम, आणि एकेक कामामागे असा बंदोबस्त! मोठमोठ्या बागा मी नंतर पाहिल्या, फवाऱ्याचे पंप पाठीला बांधलेली माणसं पाहिली. त्या अनवाणी बाईएवढं झाडाचं आणि किड्याचं कळलेलं माणूस मी पाहिलं नाही. त्यांना स्वतःला ते कळलेलं आहे हेही माहीत नव्हतं. असतं, तर डब्यानं जीव गेले यावर त्यांनी विश्वास ठेवला असता का?

भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागायचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या. आठ दिवसांच्या उपवासानं गाल आत गेलेले, सुनेचा हात धरलेला. मी आत या म्हटलं, त्या आल्या नाहीत. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईंनी उंबऱ्याबाहेर हात जोडले आणि मान खाली घातली.

"मिच्छामि दुक्कडम्, मास्तरीणबाई. माझ्या वेंधळेपणानं वेल गेला, त्यापायी तुमची शेवंती गेली. मला माफ करा."

त्या दिवसाहून चांगली वेळ कुठली होती? दार, हात, शब्द — सगळं तयार होतं. मी फक्त ते माझ्याकडे घ्यायचं होतं. आणि मी काय केलं असेल? मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "अहो बाईजी, माझ्या मनात काहीसुद्धा नाही." त्या थोड्या हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. मग पुढच्या घरी गेल्या.

पुढे ह्यांची बदली जळगावला झाली. तिथे आम्ही घर बांधलं, मागे बाग केली. मी वालाचा वेल लावला, टोकाला, आणि त्याचे शेंडे खुडले नाहीत. मुंग्यांना पीठ घातलं. टिचकी मारून वाट बघायला शिकले. तिसऱ्या वर्षी चुनरीवाल्या आल्या. लोक विचारायचे, बाई, तुमच्या झाडांना मावा कसा नाही? मग मी बाईंची गोष्ट सांगायची. नाव घेऊन सांगायची, श्रेय द्यायची. ऐकणारे म्हणायचे, किती मोकळ्या मनानं सांगता तुम्ही.

बाईंचं दर भाद्रपदात पोस्टकार्ड यायचं. मोठं, वेडंवाकडं अक्षर, चार ओळी. सगळ्यांची खुशाली, आणि शेवटी क्षमा. दरवर्षी मी उत्तर पाठवायची, दरवर्षी तेच — मनात काही नाही. वर्षाला पंधरा पैशांत खरं सांगता आलं असतं. मी एकदाही प्रयत्न केला नाही. सुरुवात करून खोडलं, कागद फाडला, असंसुद्धा काही घडलं नाही. मी नीट बसून, स्वच्छ अक्षरात, तेच लिहायची.

शेवटच्या कार्डावरचं अक्षर मोतीलालचं होतं. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांनी सांगून लिहवलं होतं. बाकी सगळं सुटत चाललं आहे, वेलाचं तेवढं सुटत नाही. ते जीव माझ्या हातानं गेले. त्यांची क्षमा कशी मागू ते कळत नाही, पण तुमची मागते, मला मनापासून सोडा.

त्या वेळी मी चाळिशी गाठलेली होते. घर होतं, नोकरी पक्की होती, माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. धुळं दोन-तीन तासांवर. सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, "बाईजी, मी तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. तुम्ही निर्धास्त असा." पत्ता घातला आणि पेटीत टाकून भाजी घेऊन घरी आले.

दहा-बारा दिवसांनी मोतीलालचं पत्र आलं. तुमचं कार्ड वेळेवर पोचलं, बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, असं त्यात होतं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, मास्तरीणबाईंनी मोठ्या मनानं सोडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मोठ्या मनानं. त्या असं समजून गेल्या, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.